अंगावरून उतरलेले कपडे

५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र पोचलं. उत्तर लिहिण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. पत्राच्या डोक्यावर "प्रिय ढब्बे" लिहिणं आता बंद कर. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई आहे. तुझी पत्रं टेबलावर पडलेली असतात, हे ती वाचतात आणि मग दोन दिवस मला त्याच नावाने हाका मारतात. लहानपणी सगळं घर म्हणायचं तेवढं पुरे झालं.

तुझ्या कानांनी दगा दिल्यापासून फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला आपलं गाऱ्हाणं ऐकवायचं. म्हणून सविस्तर लिहिते.

मी बारीक होते आहे. हौस म्हणून नाही. डॉक्टर म्हणाले, गुडघे वाचवायचे असतील तर वजन उतरवा. आणि त्याच आठवड्यात आमच्या शोरूममध्ये पुढे उभी राहणारी एक मुलगी नोकरी सोडून गेली. तू जाणतेसच, मी आठ वर्षं मागच्या खोलीत ऑल्टरेशनला बसते. पुढे उभं राहिलं की पगारावर कमिशन मिळतं, आणि यांच्या कंपनीने डिलिव्हरीच्या फेऱ्या कमी केल्यापासून आम्हाला ते हवंच आहे. म्हणून मी मॅनेजरला विचारलं. त्याने मला वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, "अनुभव आहे हो तुम्हाला. पण पुढे उभं राहायचं तर जरा शोभायला नको का?"

ऐकलंस? गिऱ्हाइकांच्या कमरा सैल करायला मी चालते, त्यांच्यासमोर उभी राहायला नाही!

तर तेव्हापासून पायी जाते, पायी येते, रात्री सूप पिते आणि यांच्या ताटाकडे बघत नाही. नऊ किलो उतरले. या एक तारखेपासून मी पुढे उभी आहे.

पण बारीक होणं स्वस्त असतं असं कुणीही सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. कमी खाणं फुकट, चालणं फुकट, कपडे मात्र फुकट नाहीत. दर दोन महिन्यांनी सगळं कपाट ढगळ होतं. परवा रस्ता ओलांडताना पँट एका हाताने धरून पळाले. त्यातून शोरूमचा नियम असा, की पुढे उभं राहणारीने शोरूमचेच कपडे घालायचे, आणि ते स्वतःच्या पैशाने घ्यायचे. सवलत देतात, ती चिमणीच्या चोचीएवढी. दोन महिने अंगाला येणाऱ्या कपड्यासाठी अर्धा पगार घालवू?

लाँड्रीच्या मागच्या गल्लीत वापरलेल्या कपड्यांचं एक दुकान आहे. चालवणाऱ्या बाईला सगळे काकू म्हणतात. तिथे मला आमच्याच शोरूमचं लेबल असलेले तीन ड्रेस मिळाले. एक तर गडद पिवळा, कमरेपासून चुण्या असलेला, अगदी नव्यासारखा. तिन्ही मिळून नव्या एका बाहीएवढे पैसे पडले. मी खूश आहे. तूही हो.

तुझी,
धाकटी


१४ फेब्रुवारी

प्रिय ढब्बे,

(हात आपोआप लिहून गेला. खोडलं तर पत्र घाण दिसेल, म्हणून राहू देते.)

पत्र वाचून मी खूश झाले नाही. उलट तळपायाची आग मस्तकाला गेली. परक्या माणसांच्या अंगावरून उतरलेले कपडे तू घालतेस? कुणाचा घाम, कुणाचं आजारपण, कुणी जिवंत आहे की नाही, काही पत्ता आहे का? बाबांचा पगार किती होता ते मला ठाऊक आहे. पण बाहेरच्या कुणाचा धागा त्यांनी आपल्या अंगाला लागू दिला नाही. आज ते असते तर काय म्हणाले असते?

आणि मी काय मेले होते? माझं कपाट भरून वाहतंय. एक शब्द लिहायचास. तुझे भाऊजीसुद्धा म्हणाले, "सख्खी बहीण असताना तिने बाजारात कशाला जावं?" तेव्हा मी आजच पार्सल करते आहे. चांगले आठ कपडे आहेत, धुऊन इस्त्री केलेले. काही तर दोनदाच घातलेत. आत्ता लगेच होणार नाहीत कदाचित, पण तू अशीच उतरत राहिलीस तर उन्हाळ्यापर्यंत बसतील. तेवढीच तुला उमेद.

त्या काकूकडचं सगळं परत देऊन ये. आणि नुसत्या सुपावर राहू नकोस. चक्कर येईल.

तुझी,
ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

पार्सल मिळालं. उघडलं, पाहिलं, पुन्हा बांधलं आणि आज परत पाठवलं. हे म्हणाले, "अगं, निदान तो कोट तरी ठेव." मी म्हटलं, तुम्हाला हवा तर तुम्ही घाला.

आता नीट वाच. मी जन्मल्यापासून तुझे उतरलेले कपडे घातले. फ्रॉक तुझा, स्वेटर तुझा, शाळेचा गणवेश तुझा, बुटांच्या टाचा तुझ्या चालीने झिजलेल्या. मला तर ते नीट व्हायचेही नाहीत. तू काडी आणि मी ढब्बी. आई शिवण सोडायची, पट्टी जोडायची आणि म्हणायची, "श्वास धर, बसेल." माझं बालपण श्वास धरण्यात गेलं. तो हिरवा फ्रॉक आठवतो? वर्गाचा फोटो काढायच्या दिवशी मी तो घालून गेले, तर बाईंनी मला तुझ्या नावाने हाक मारली. मग हसून म्हणाल्या, "अरे, ही तर धाकटी. फ्रॉक बघून फसले." अख्खा वर्ग हसला. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत, ते कशामुळे हे तुला कधी सांगितलं नाही.

आणि आज, इतक्या वर्षांनी, तू मला पुन्हा तेच पाठवतेस. तेही मला न होणारे, 'उमेद म्हणून'!

परक्यांचे कपडे घालते म्हणून तू मला बोललीस. हो, घालते. ते कुणाचे आहेत हे मला माहीत नाही, यातच मला बरं वाटतं. काकूच्या दुकानात मी उभी राहते, शंभर कपडे मागे सारते आणि एकाला हात लावून म्हणते, हा. माझ्या पैशाने. कुणी मला तो दिलेला नसतो. कुणी नंतर विचारत नाही, "घातलास का गं? बसला का?" तुला उतरलेला आणि विकत घेतलेला यातला फरक कळत नाही, कारण तुला कायम नवा कोराच मिळाला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आता काही दिवस पत्र लिहू नकोस. लोभ असेल तो तुझ्याजवळच राहू दे.

धाकटी


३० मार्च

धाकटे,

महिना झाला. परत आलेलं पार्सल अजून दारामागे तसंच उभं आहे. येता-जाता पायाला लागतं. तू लिहू नकोस म्हणालीस म्हणून गप्प होते. आता लिहिते, कारण मलाही राग येतो. तो काय एकट्या धाकट्यांनाच येतो?

"तुला कायम नवा कोराच मिळाला." हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल.

नवा कोरा? आई दुकानात कापड माझ्या अंगाला लावायची आणि बघायची तुझ्याकडे. हा रंग हिला खुलेल का, ही फुलं हिला फार मोठी दिसतील का. मला लाल आवडायचा. एकदाही मिळाला नाही, का, तर तू लाल रंगात सावळी दिसतेस. माझ्या प्रत्येक कपड्याच्या दोन्ही कडांना आत चार-चार बोटं शिवण दुमडलेली असायची. पुढे तुझ्यासाठी सोडता यावी म्हणून. ती दिवसभर बरगड्यांना टोचायची. तक्रार केली की, "असू दे, धाकटीला लागेल."

तो हिरवा फ्रॉक मला मिळाला तेव्हा वाड्यांमागच्या मैदानावर सगळ्या मुली घसरगुंडीवर गेल्या. मी कठड्यावर बसून राहिले. आईने बजावलं होतं, "मागून घासू नकोस, तो तिला जायचाय." मातीत बसायचं नाही, झाडावर चढायचं नाही, रंग खेळायचे नाहीत. मी माझे कपडे घातले ते भाड्याने आणल्यासारखे घातले. तुला उतरलेले मिळाले, हे खरं. पण तू ते फाडायचीस! चिखलात लोळायचीस, खिसे उसवून यायचीस, आणि आई म्हणायची, "जाऊ दे, आता पुढे कुणाला द्यायचाय?" मी कोपऱ्यात उभी राहून ते ऐकायचे.

तुझे डोळे फोटोत मिटलेले आहेत. माझ्या वर्गाच्या फोटोत माझे उघडे आहेत, पण गुडघ्यावर हात ठेवून, घडी न मोडता बसलेली मी कशी दिसते ते एकदा बघ.

आणखी एक. मी खोटं लिहिलं होतं. कपाट भरून वाहतंय म्हणून नाही पाठवले ते कपडे. मला होत नाहीत म्हणून पाठवले. काम सोडून घरी बसल्यापासून मी सुटले आहे. काडी केव्हाच मोडली. तू नऊ किलो उतरल्याचं कळवलंस त्या दिवशी मी आरशासमोर त्यातला एकेक घालून पाहिला आणि एकाचीही चेन वर गेली नाही. टाकून द्यायला हात होईना. तुला पाठवायचे, ही एकच रीत मला माहीत आहे.

बाकी तुला जे वाटायचं ते वाटू दे.

ताई


१० एप्रिल

ताई,

पत्र दोनदा वाचलं. ती आतली शिवण तुला टोचायची, हे मला खरंच कधी सुचलं नव्हतं. मी रोज दुसऱ्यांच्या शिवणी सोडते आणि स्वतःच्या बहिणीची सुचली नाही. फाडायचे म्हणून मात्र बोलू नकोस, फाटायचे ते घट्ट असायचे म्हणून. पण तो वाद भेटल्यावर. आज माझ्या डोक्यात दुसरीच आग आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

मार्चच्या शेवटच्या शनिवारी दुपारची ऐन गर्दी. मी तो पिवळा चुण्यांचा ड्रेस घातला होता. एका गिऱ्हाइकाला जाकीट दाखवत होते, तेवढ्यात मागून किंचाळल्यासारखा आवाज आला, "अय्या! हा तर माझा ड्रेस!"

वळून बघते तर एक उंच बाई, डोक्यावर गॉगल चढवलेला. तिने माझ्या दंडाला धरून मला गरकन वळवलं, मानेजवळचं कापड ओढून आत डोकावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हाच! हा बघा शाईचा ठिपका!"

ताई, शोरूममधला प्रत्येक माणूस माझ्याकडे बघत होता. मान खाली घालावी तर तिचा हात अजून मानेवरच. मॅनेजर धावत आला. "काय झालं मॅडम?"

"काही नाही हो, माझा जुना ड्रेस यांच्या अंगावर!"

माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. तरी मी म्हटलं, "मला छान बसलाय ना?" आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. ती बाई काहीतरी पुढे बोलत होती, मी ऐकलं नाही.

संध्याकाळी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाला नाही.

"हे काय चाललंय? नियम माहीत आहे ना?"

"शोरूमचे कपडे घालायचे."

"मग?"

"मग हा कुणाचा आहे? लेबल वाचा."

"शब्दांचे खेळ नकोत. शोरूमचे म्हणजे शोरूममधून विकत घेतलेले."

"विकत घेतलेलेच आहेत, साहेब. पूर्ण पैसे तुमच्या गल्ल्यात आलेत. फक्त माझ्या हातून आले नाहीत, एवढंच."

तो लालबुंद झाला. म्हणाला, एक तारखेच्या आत दोन नवे ड्रेस घ्या, नाहीतर मागच्या खोलीत जा. मी शांतपणे सांगितलं, की माझं वजन अजून उतरतंय, आज घेतलेला ड्रेस दोन महिन्यांत गोणपाटासारखा लोंबेल. तर तो काय म्हणाला असेल? ओळख.

"मग बारीक होणं थांबवा."

याच तोंडाने! याच तोंडाने गेल्या वर्षी म्हणाला होता शोभायला हवं म्हणून!

मी एकही ड्रेस घेतला नाही. एक तारखेपासून मागच्या खोलीत आहे, कमिशनसुद्धा गेलं. त्या शनिवारी घरी येऊन मी अर्धा पाव लोण्यासकट उभ्याउभ्या खाल्ला.  उरलेला अर्धा यांनी हळूच फडताळात ठेवून दिला.

तुझी,
धाकटी


१७ एप्रिल

धाकटे,

"बारीक होणं थांबवा"? मी ते वाक्य तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. या माणसाला आधी जाडी नडली, आता बारीक होणं नडतंय. याला नेमकं काय हवंय?

आणि ती गॉगलवाली! टाकून दिलेल्या वस्तूवर कसला हक्क सांगते? भर दुकानात माणसाची मानगूट धरते! मी तिथे असते तर त्याच गॉगलने तिला तिची जागा दाखवली असती.

तू गप्प बसशील हे मला माहीत आहे. बोलायचं तेवढं तोंडावर बोलतेस आणि मग मागच्या खोलीत जाऊन टाके घालतेस. म्हणून मी परवाच एक काम करून टाकलं. तुमच्या शोरूमच्या मालकीणबाईंना पत्र लिहिलं. तू मागे आणलेल्या तुमच्या शोरूमच्या एका जुन्या पिशवीवर पत्ता छापलेला होता. रागावू नकोस. रागावलीस तरी ते पत्र आता पेटीतून निघायचं नाही.

पाव खाल्लास ते बरं केलंस.

ताई


४ मे

ताई,

तुला काय म्हणावं! मला न विचारता? माझ्या मालकिणीला? हातातली नोकरी गेली असती म्हणजे? मागच्या मंगळवारी मालकीणबाईंनी वर बोलावलं आणि टेबलावर तुझं अक्षर दिसलं तेव्हा मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. वजन उतरवून वाचवलेले गुडघे तू एका पत्राने घालवले असतेस!

मालकीणबाई सत्तरीच्या आहेत. दुकानात फारशा येत नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि शेजारी मॅनेजर उभा असताना मोठ्याने वाचायला लागल्या, "'ज्या माणसाला बाईची जाडीही खटकते आणि तिचं बारीक होणंही खटकतं, त्याच्या ताब्यात तुम्ही काचेतले पुतळे द्यावेत, माणसं देऊ नयेत.'" मी जमिनीकडे बघत होते. मॅनेजर छताकडे बघत होता.

"तुमच्या ताईंचं अक्षर सुरेख आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "भाषा जरा तिखट आहे. तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

माझ्या मनात आलं, माफी मागावी आणि खाली जावं. पण आठ वर्षं मनात शिजलेलं तोंडातून बाहेर आलंच. मी म्हटलं, "दुकानाची शोभा म्हणून आम्ही दुकानाचे कपडे घालायचे असतील, तर ते दुकानाने द्यावेत. पुतळ्यांना तुम्ही फुकट घालता. आम्ही तर बोलतो, विकतो, बिलंही करतो."

त्यांनी चष्मा काढून पत्रावर ठेवला. मग मॅनेजरला म्हणाल्या, "मागच्या हंगामातला न खपलेला माल किती पडलाय?"

तर आता पुढे उभ्या राहणाऱ्या चौघींना दोन-दोन ड्रेस दुकानाकडून. साइज बदलला की बदलून. ते अंगाबरहुकूम कोण करणार? अर्थात मी! त्याचे वेगळे पैसे मागितले, तर "बघू" म्हणाल्या. त्या 'बघू'चा अर्थ मला कळतो, पण मी पुन्हा विचारणार आहे. मी परत पुढे आले. आणि गंमत म्हणजे, बाकीच्या तिघींपैकी दोघी काकूंच्याच दुकानातून कपडे घेत होत्या! लेबल बघून घ्यायच्या आणि तोंडातून चकार शब्द काढायच्या नाहीत. माझी मानगूट धरली गेली तेव्हा दोघी घाबरून पडद्यामागे गेल्या होत्या. आता सांगतात.

पुढचं ऐक. गुरुवारी ती गॉगलवाली आली. मला पाहून थेट माझ्याकडेच. मी मनात शिव्यांची जुळवाजुळव केली. तर ती म्हणते, "तुम्ही त्या दिवशी ऐकूनच घेतलं नाही हो. घर बदलताना तो ड्रेस चुकून टाकायच्या पिशवीत गेला. मी दोन महिने घर पालथं घातलं. तुमच्या अंगावर दिसला आणि मला इतका आनंद झाला, की कुठे आहे, काय आहे, भानच राहिलं नाही."

आनंद! ताई, तिला तो आनंद झाला होता आणि मी महिनाभर तिला मनातल्या मनात उकळत्या तेलात तळत होते. पण मी लगेच पाघळले नाही. म्हटलं, "आनंद झाला तरी माणसाची मान धरू नये." ती खरंच ओशाळली. मग हळूच म्हणाली, "परत द्याल का? मी नव्याचे पैसे देते."

"नाही," मी म्हटलं. "तो मी विकत घेतलाय. पण महिनाभरात मला तो ढगळ होईल. तेव्हा मी तो लाँड्रीमागच्या दुकानात देईन. तिथून घ्या, जेवढ्याला मी घेतला तेवढ्यालाच. काकूंना सांगून ठेवते."

ती आधी गोंधळली, मग हसली आणि पत्ता लिहून घेतला.

पत्र लिहिल्याबद्दल मी तुझ्यावर अजून रागावलेलीच आहे. पण ते पुतळ्यांचं वाक्य शोरूममध्ये आता सगळ्यांच्या तोंडी आहे.

तुझी,
धाकटी


२० मे

धाकटे,

रागावलेलीच राहा. मी तुझा राग बघायला स्वतः येते आहे. पाच जूनची गाडी, तीन दिवस मुक्काम. तुझ्या भाऊजींचं जेवण शेजारी सांगितलंय.

पहिल्या दिवशी तुमच्या शोरूममध्ये जायचं. तू मला ओळख दाखवायची नाहीस. मला त्या मॅनेजरच्या हातून कपडे बघायचे आहेत. सगळे.

दुसऱ्या दिवशी काकूकडे. बघू तरी, परक्यांच्या कपड्यांत असं काय आहे ते.

ताई


१२ जून

ताई,

सुखरूप पोचल्याचं कळलं. आता माझं ऐक.

तू गेल्यावर मॅनेजर दोन दिवस पाठीला मलम लावून येत होता. निम्मं शोरूम तू त्याला खाली काढायला लावलंस. "वरच्या फळीवरचा." "तो नव्हे, त्याच्या मागचा." "यातच जरा उजळ?" आणि शेवटी एक रुमाल घेतलास, तोही घडी नीट नाही म्हणून परत ठेवलास. जाताना त्याला म्हणालीस, "तुम्ही फार शोभता हो इथे." आम्ही चौघी मागच्या खोलीत तोंडात कपडा कोंबून बसलो होतो. त्याला अजून कळलेलं नाही तू कोण ते.

पण काकूच्या दुकानातलं मी विसरलेली नाही. तो गडद निळा ड्रेस, मोठ्या पांढऱ्या बटणांचा. मी त्याच्या बाहीला हात घातला, तर दुसरी बाही तुझ्या हातात. मी पहिल्यांदा पाहिला होता. निदान मला तसं वाटतं. दोघींनी घालून पाहिला, दोघींना बसला. तू सुटलीस, मी उतरले, आणि आपण कुठेतरी मध्येच भेटलो. काकू म्हणाली, "बाई, हा धाकटीला जास्त खुलतो." आणि मी वाट बघत उभी राहिले. तू आता म्हणशील, घे गं, तुलाच राहू दे. नेहमी म्हणतेस तसं.

तू माझ्या हातातून बाही सोडवून घेतलीस आणि म्हणालीस, "माझा आहे."

मला इतका राग आला, की परत येताना रस्ताभर मी बोलले नाही. तुलाही त्याचं काही वाटलं नाही, तू पिशवी छातीशी धरून चालत होतीस. पन्नाशी उलटलेली बाई, आणि चालत होतीस अशी, की कुणी हिसकावून नेईल. तुला मी आयुष्यात असं काही घट्ट धरलेलं पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर हे म्हणाले, "तुम्ही दोघी भांडलात का?" मी म्हटलं, "हो," आणि मला हसू फुटलं.

तरी सांगते, मला तो तुझ्यापेक्षा चांगला दिसला असता.

तुला तो दंडात घट्ट होत होता. तू बोलली नाहीस, पण मी आठ वर्षं दंडच बघते आहे. शेवटच्या सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी दोन्ही बाह्या आतून सोडून दिल्या आणि जास्तीचं कापड कापून शिवण सपाट करून टाकली. आत काही टोचणार नाही. ती आता पुन्हा कुणासाठी कमी-जास्त करता यायची नाही, तेव्हा तो तुझ्याशिवाय कुणाला होणार नाही.

घाल तो. घरी घाल, बाजारात घाल, घालून बागेत माती उपस. विटेपर्यंत घाल. आणि फाटला की धुऊन, इस्त्री करून मला पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. सरळ खिडक्या पुसायला घे.

तुझी,
धाकटी